हातगुण

माझ्या हातून आजवर अकरा गुलाब वारले. त्यांतले चार तर नर्सरीतून आणल्यावर पंधरवड्यातच, नीट ओळखही व्हायच्या आत. मोगऱ्यानं दोन वर्षं नुसती पानं काढली. तिसऱ्या वर्षी एक कळी आली, ती मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली आणि दाखवून होईस्तोवर ती गळून पडली. कढीलिंब म्हणे कुणाच्याही दारात येतो. माझ्या दारात तो सहा वर्षं वीतभर उंचीवर थांबला होता. फोडणीला पानं हवी असली की मी शेजारून मागून आणायची, उगाच ह्याला कशाला त्रास म्हणून. तुळस जळाली तेव्हा सासूबाईंनी मला जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलं, "हे बाहेर कुठं बोलू नकोस."

बँकेतून निवृत्त झाल्यावर आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटमागं जी पंधरा बाय वीस फुटांची माती आहे, तिच्यात जीव रमवायचा असं मी नोकरीतल्या शेवटच्या पाच वर्षांत ठरवून ठेवलं होतं. शेणखताचं पोतं आलं. खुरपं, झारी, कात्री, हातमोजे, सगळं आलं. राहिला होता तो हातगुण, आणि तो नर्सरीत मिळत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी भाजीवाल्याकडच्या पुदिन्याच्या काड्या मातीत नुसत्या खोचतात आणि महिन्याभरात अख्ख्या सोसायटीला चटणी पुरवतात. मी तीच काडी खोचली की काडीची काडीच राहते. फार तर वाळते.

अशा अवस्थेत बाई नर्सरीत उभी असली की तिथल्या माणसाला ती लांबूनच ओळखू येते. मी बाराव्या गुलाबासमोर उभी होते. तो जवळ आला आणि वैद्यानं रोग्याच्या नातेवाइकाशी बोलावं तसं म्हणाला, "ताई, गुलाब राहू द्या. हे घेऊन जा. हे मरत नाही."

हे मरत नाही! पुराणात हे वाक्य फक्त राक्षसांबद्दल येतं आणि वर देणाऱ्या देवाला ते पुढं किती महागात पडतं, हे लहानपणी आजीकडून ऐकलेलं होतं. पण अकरा गुलाबांच्या सुतकात असलेल्या माणसाला पुराण आठवत नाही. मी ते १२० रुपयांना घेतलं.

लहानशी कुंडी, खरबरीत पानं आणि एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी अशी बारीक फुलं, जणू कुणी रुखवतासाठी मुद्दाम बसवलेली. कुंडीत पट्टी खोचली होती, 'लँटाना ड्वार्फ मिक्स'. दारातच सासूबाई बसल्या होत्या. त्या साताऱ्याकडच्या, वय ऐंशीच्या पुढं, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना नको तेवढं दिसतं.

"काय आणलंस?"

"लँटाना, आई."

त्यांनी एक पान खुडलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं आणि हात झटकला. "अगं, ही घाणेरी!"

"आई, ही ड्वार्फ आहे."

"मग बुटकी घाणेरी. कितीला?"

सासूला किंमत निम्मी सांगायची असते, हा नियम मी पस्तीस वर्षं पाळत आले आहे. मी साठ म्हटलं. तरी त्यांनी कपाळाला हात लावला. "हिच्यापायी आमच्या माळावर गुरांना चरायला जागा उरली नव्हती. तुझे सासरे कुऱ्हाड घेऊन तोडायला जायचे आणि तू पैसे देऊन आणलीस." मग थोडा वेळ त्या फुलांकडं बघत राहिल्या. "हिची काळी फळं आम्ही पोरी जीभ काळी होईस्तोवर खायचो," असं म्हणाल्या, आणि आत जाता जाता, स्वतःशीच बोलल्यासारखं, "दिसते मात्र छान, मेली."

घाणेरी हिंदुस्थानात आली तीच मुळी ह्या 'दिसते मात्र छान'वर. मूळची ती अमेरिका खंडातल्या उष्ण मुलखातली. १८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी लावली गेली, म्हणजे तिथल्या साहेबालाही कुणीतरी हळूच येऊन 'हे मरत नाही' असं सांगितलं असणार. पुढं लोकांनी ती कुंपणाला लावली. गुरं तिच्या पानांना तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण म्हणून उत्तम. आपल्याकडं 'कुंपणच शेत खातं' ही म्हण आधीपासून होती. घाणेरीनं ती खरी करून दाखवली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिनं देशातल्या जंगलांचा दीड लाख चौरस किलोमीटरहून जास्त भाग व्यापल्याचा अंदाज आहे. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाखांच्या थोडं वर. म्हणजे अर्धा महाराष्ट्र भरेल एवढी घाणेरी, आणि शिवाय माझी एक कुंडी.

आता ह्यात तिच्या बाजूनंही बोललं पाहिजे. तिचं फूल उमलतं तेव्हा पिवळं असतं आणि परागण होऊन गेलं की रंग बदलतं. म्हणजे 'ह्या घरातलं जेवण संपलं, शेजारी जा' अशी पाटी ती फुलपाखरांसाठी लावते. इतकी व्यवस्था आमच्या बँकेच्या काउंटरवरही नव्हती. फळं बुलबुल खातात आणि चार कोसांवर नेऊन पेरतात. नीलगिरीच्या परिसरातल्या आदिवासी कारागिरांनी तर तिच्या लाकडाचे खऱ्या मापाचे हत्ती बनवले आणि ते २०२१ मध्ये लंडनच्या बागांत जाऊन उभे राहिले. हत्तींच्या चाऱ्याची जागा घाणेरीनं घेतली, तर त्या घाणेरीचेच हत्ती केले. ह्याला म्हणतात वसुली. बँकेत असते तर ह्या माणसांना मी थकबाकी विभागात घेतलं असतं.

आमची बुटकी दोन पावसाळ्यांत खिडकीच्या ग्रिलला टेकली. "बुटकी वाढली गं," सासूबाई म्हणाल्या. पण मला काही वाईट वाटलं नाही, हे आत्ताच कबूल करते. सकाळी चहा घेऊन मी तिच्यासमोर उभी राहायची आणि मनात म्हणायची, आला. माझ्या हाताला गुण आला.

गुलाबाची हौस असलेला माणूस गुलाबासाठी झटतो. आमच्यासारख्यांची जात वेगळी. आम्हाला झाडानं आपल्याला पास करावं, एवढंच हवं असतं. मोगरा आमची परीक्षा घेतो. घाणेरी पेपर न तपासताच पहिला वर्ग देते. कोण कुणाकडं ओढलं जाईल, हे सांगायला नको.

त्यानंतर जलपर्णी आली. सासूबाईंचं एक पितळी घंगाळ माळ्यावर पडून होतं. ते चिंचेनं घासून लखलखीत केलं, पाणी भरलं आणि त्यात जलपर्णीची दोन रोपं सोडली. टम्म फुगलेले देठ, तुकतुकीत पानं आणि एका सकाळी मधोमध फिक्या जांभळ्या फुलांचा तुरा. प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर निळ्या कडेचा पिवळा डोळा, थेट मोरपिसातला. मी त्या घंगाळाचे सत्तावीस फोटो काढले. माहेरच्या ग्रुपवर टाकले. मोठ्या बहिणीनं 'तुझ्या हाताला गुण आहे हं' असं लिहिलं. हे तिनं माझ्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं होतं. लहानपणी आमच्या घरात गुण फक्त तिच्या हाताला होता, माझ्या वाट्याला अक्षर.

दोनाची चार झाली, चाराची आठ. ही बया मनात आणलं तर पंधरवड्यात दुप्पट होते. घंगाळ भरलं, मग बादली, मग दुसरी बादली, मग नातवाचं फुगवायचं पोहण्याचं टाकं. त्याच सुमारास, एप्रिल असेल, आम्ही रिक्षानं पुलावरून चाललो होतो. खाली मुठा नदी. नदी कसली, इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत हिरवंगार मैदान. वर एक बगळा चालत पलीकडं निघाला होता. आमचे हे खाली बघत म्हणाले, "अगं, तुझं घंगाळ केवढं झालंय बघ."

मी तोंड फिरवलं. पण घरी येऊन वाचायला बसले, आणि वाचून मला फार बरं वाटलं, कारण ह्या फुलापायी माझ्याहून शहाणी माणसं वेडी झालेली निघाली. मूळची ही ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. १८८४ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला मोठं प्रदर्शन भरलं, तिथं लोकांना ती भेट म्हणून वाटली असं सांगितलं जातं. लोकांनी घरी नेऊन तळ्यात सोडली. काही वर्षांत लुइझियानाच्या नद्यांतून बोटी जाईनात. तेव्हा १९१० मध्ये तिथले लोकप्रतिनिधी रॉबर्ट ब्रुसार्ड ह्यांनी अमेरिकेच्या संसदेत रीतसर विधेयक मांडलं, की आफ्रिकेतून पाणघोडे आणून ह्या नद्यांत सोडावेत. ते जलपर्णी खातील आणि मग आपण पाणघोडे खाऊ. देशात मांसाची टंचाई होती, एका दगडात दोन पक्षी. विधेयक मंजूर झालं नाही. हे वाचल्यापासून मी पुलावरून जाताना दर वेळी पाणघोड्यांची कल्पना करते. मुठेच्या पात्रात चाळीसएक पाणघोडे, काठावर 'पाणघोड्यांना खायला घालू नये' अशी पुणेरी पाटी, आणि तिच्याखाली लोक ब्रेड टाकताहेत.

इकडं बंगालमध्ये तिनं नद्या, खाड्या, भातशेती सगळं इतकं गिळलं की १९३६ साली तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला आणि १९३७ च्या निवडणुकीत तिचं उच्चाटन हे मोठमोठ्या पक्षांच्या जाहीरनाम्यांत होतं. सगळ्या पक्षांचं ज्यावर एकमत व्हावं असं दुसरं काही त्या काळात सापडणं कठीण.

माझ्या जलपर्णीचं काय करायचं, ह्यावर घरात विचार झाला. सासूबाई म्हणाल्या, "निर्माल्यासारखी वाहत्या पाण्यात सोडून दे. पाप लागत नाही." पिशवी भरून मी निघालेही होते. जिन्यात सी विंगमधल्या बाई भेटल्या.

बाई म्हणजे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सोसायटीत सगळे त्यांना बाईच म्हणतात, सेक्रेटरीसुद्धा, आणि सगळे त्यांना घाबरतात, सेक्रेटरीसुद्धा. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "कुठं निघालात?" मी खरं सांगितलं. बाईंनी डोळे मिटले. पाच-सात सेकंद मिटलेलेच ठेवले. मग म्हणाल्या, "गच्चीवर चला." आम्ही दोघींनी ती सगळी जलपर्णी गच्चीच्या फरशीवर पापडांसारखी पसरली आणि ती कडकडीत वाळेपर्यंत बाई रोज येऊन एकेक उलटून बघत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी मला एक कागद दिला. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांची यादी, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञांनी काढलेली. "वाचा," म्हणाल्या, "आणि लाज वाटून घ्या."

मी वाचली. पेन्सिल घेऊन वाचली. जे माझ्याकडं होतं त्यापुढं बरोबरची खूण, नव्हतं त्यापुढं फुली. घाणेरी, बरोबर. जलपर्णी, बरोबर. सिंगापूर डेझी म्हणजे आपली वेडेलिया, बरोबर. सुबाभूळ कुंपणाबाहेर होती, अर्धी बरोबर. (नावातच 'सु' लावून आलेल्या ह्या झाडावर संशय घ्यायचा तरी कुणी?) पिचकारीचं झाड, ज्याच्या कळ्या दाबून लहानपणी एकमेकींच्या फ्रॉकवर पाणी उडवलं, तेही यादीत. आणखी खाली साळुंकी, आणि शेवटी चक्क मांजर. आमच्या पार्किंगमधलं मांजर त्या वेळी दारात बसून मिशा पुसत होतं. यादी वाचून संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाईंनी दिली होती आरोपांची यादी आणि मी ती नर्सरीच्या माहितीपत्रकासारखी वाचत होते.

वेडेलियाचं राहिलंच. ती विकत आणली नव्हती, ती मला मिळाली होती. आमच्याच सोसायटीतल्या एक काकू दोन पिशव्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. "घ्या हो, आमच्याकडं भरपूर झालीय." बागेच्या बाबतीत एक ठोकताळा मी तेव्हापासून बसवला आहे. गुलाबाचं कलम मागितलं तर 'बघू, पावसाळ्यात आठवण करा' असं उत्तर येतं आणि पावसाळ्यात फोन उचलत नाहीत. जे रोप घरपोच, फुकट आणि पिशव्या भरभरून येतं, त्याच्या मालकिणीनं आदल्या दिवशी त्याच्याशी हातघाईची लढाई केलेली असते. पिवळीधमक फुलं, जमिनीलगत हिरवा गालिचा, तण म्हणून उगवायला जागा नाही; ती स्वतःच तण, दुसऱ्याला कशाला येऊ देईल? भटाला दिली ओसरी, तसं मी तिला नळाखालचा एक कोपरा दिला. आमचे हे निवृत्त इंजिनियर. दर रविवारी ते टेप लावून तिची वाढ मोजायचे आणि कालनिर्णयच्या मागं, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवायचे. जुलैत त्यांनी दूध लिहायचं सोडलं, जागा पुरेना. पेरापेरावर तिला मुळं फुटतात, त्यामुळं कापायला गेलं की एकीच्या सात होतात. रक्तबीजाचं आख्यान ज्यानं कुणी रचलं, त्यानं आधी बाग केली असली पाहिजे.

बाईंच्या कागदावर जपानी नॉटवीड नावाचं एक झाड होतं, ते मात्र माझ्याकडं नव्हतं. इंग्लंडला असलेल्या भाच्याला फोन लावला. तो नुकताच घर घेण्याच्या खटपटीत होता आणि ते नाव ऐकून त्याचा आवाज उतरला. तिकडं घर विकणाऱ्याला फॉर्मवर लिहून द्यावं लागतं, तुमच्या आवारात हे झाड आहे का. असलं तर कर्ज देणारे हात आखडता घेतात. हेच झाड १८४७ साली हॉलंडमधल्या युट्रेक्टला वर्षातलं सर्वांत लक्षवेधी नवं शोभेचं झाड म्हणून सुवर्णपदक घेऊन गेलं होतं. आधी पदक, मग पोलिसांत वर्दी. "मावशी, तू का विचारतेयस?" भाचा म्हणाला. मी म्हटलं, सहज. "मावशी, मी काहीही घेऊन येणार नाहीये," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी काही मागितलंही नव्हतं. आमच्या घराण्यात माणूस ओळखायची कला आहे.

आणि आपण पुणेकरांनी तर ह्यात मागं राहू नये, कारण पहिलेपणाचा मान इथंही आपलाच. गाजर गवत, काँग्रेस गवत, चटक चांदणी, जे काय म्हणाल ते, त्याची आपल्या देशातली ठळक नोंद १९५५ च्या सुमारास झाली ती पुण्यात. अमेरिकेतून आलेल्या गव्हाच्या पोत्यांतून त्याचं बी उतरलं असं मानतात. कुठल्याही पहिल्या गोष्टीची पाटी लावायला तयार असलेल्या ह्या शहरानं ह्या एका बाबतीत कुठंही फलक लावलेला नाही. पुढं १९८० च्या दशकात त्याला खाणारा एक भुंगेरा मेक्सिकोहून आणला. तो खातो, मनापासून खातो, पण फक्त पावसाळ्यात. नोव्हेंबर लागला की मातीत शिरून झोपतो तो थेट पुढच्या पावसापर्यंत. म्हणजे आपण चातुर्मासात खाणं सोडतो आणि हा चातुर्मासातच जेवतो.

ह्या भुंगेऱ्याचा एक पूर्वज होऊन गेला, तो मला फार आवडतो. ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंग देणारे किडे हवे होते, ते फड्या निवडुंगावर वाढतात. १७९५ साली ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आले, पण चुकीच्या जातीचे. रंग काही धड देईनात. निवडुंग मात्र असा फडशा पाडत सुटले की मोठमोठी बनं साफ झाली. परकं तण परक्या किड्यानं मारल्याचा हा जगातला पहिल्या काही नमुन्यांतला एक, आणि तो कंपनी सरकारच्या हातून चुकून झाला. निवडुंगाचं सगळंच वाईट नसतं म्हणा. नाना पेठेत निवडुंग्या विठोबा आहेत, तुकोबांची पालखी त्यांच्याकडं मुक्कामाला असते. माझ्या वेडेलियात एकदा सासूबाईंची हरवलेली जोडवी सापडली, तेवढंच.

ह्या सगळ्या वाचनाचा माझ्यावर परिणाम झाला नाही असं नाही. घाणेरी मुळासकट काढली. माळीमामांना दोन दिवस लागले. वेडेलियावर मी स्वतः पाच रविवार बसले. पुढच्या पावसाळ्यानंतर आमची सहल सातारा रस्त्यानं निघाली तेव्हा डोंगरउतारावर केशरी-पिवळी फुलं बघून बसमधल्या बायका "सोनकी, सोनकी" म्हणून ओरडल्या, आणि मी शांतपणे सांगितलं, "सोनकी नव्हे, कॉसमॉस. मेक्सिकोचा. बागांतून निसटून टेकड्यांवर गेलाय. सोनकीला आता त्याच्यातून जागा शोधावी लागते." बाईंनी मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर थाप मारली. त्यांच्या हातून असं फार थोड्यांना मिळतं. बस थांबवून सगळ्यांनी त्या कॉसमॉसमध्ये उभं राहून फोटो काढले, त्यात बाईही आहेत, दुसऱ्या रांगेत, किंचित हसताना.

तर मी सुधारले होते. फक्त एक जांभळी होती.

मेक्सिकन पेट्युनिया. लांबट पानं, काळपट देठ आणि रोज सकाळी जांभळी, रेशमाच्या झिरझिरीत पोलक्यासारखी फुलं. संध्याकाळपर्यंत गळून जातात, दुसऱ्या दिवशी तितकीच नवी. ऊन चालतं, सावली चालते, पाणी साचलं चालतं, आठ दिवस विसरलात तरी चालतं. एवढा समंजस स्वभाव मी माणसात पाहिलेला नाही. बाईंचा कागद काढून दोनदा तपासला: शंभरांत तिचं नाव नव्हतं. माझ्या बँकेतल्या मेंदूनं लगेच निष्कर्ष काढला, काळ्या यादीत नाही म्हणजे पत उत्तम. तिच्या शेंगा वाळल्या की टचकन फुटतात आणि बी दोन-तीन मीटर लांब उडवतात, आणि ते बी ओलं झालं की चिकट होऊन जिथं पडेल तिथं धरतं, हे मला माहीत होतं. पण मला वाटलं, हौशी आहे बिचारी.

डिसेंबरात तिची पिलं मोजली, साठच्या वर. आणि जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू. दर वर्षी वाण काय लुटायचं हा प्रश्न: प्लास्टिकचे डबे झाले, गाळणी झाली, पर्स झाली, एक वर्षी सगळ्यांनी सगळ्यांना कंगवे दिले. मी काळ्या पिशव्यांत बेचाळीस रोपं भरली, प्रत्येकीला तिळगुळाची पुडी बांधली. काय कौतुक झालं! किती वेगळी कल्पना, किती पर्यावरणाचा विचार! वरच्या मजल्यावरच्या पुदिन्याच्या वहिनीसुद्धा म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुण आहे हो." बाई त्या दिवशी लेकीकडं नाशिकला गेल्या होत्या. मी तारीख बघून ठरवली नव्हती, पण बदललीही नाही.

सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सभा. विषयपत्रिकेवर सातवा विषय, 'आवारात सर्वत्र उगवलेले जांभळे झाड'. ए विंगची गटारं, बी विंगचं पार्किंग, मुलांची घसरगुंडी, पंपाची खोली, सगळीकडं. पावसाचं पाणी जायची जाळी तिनं बुजवली होती. सेक्रेटरींनी विचारलं, "हे मुळात आणलं कुणी?" हॉलमध्ये बेचाळीस बायका होत्या. एकीनंही माझ्याकडं पाहिलं नाही. सगळ्या एकदम पंख्याकडं बघायला लागल्या, कारण पिशवी घरी नेऊन जिनं तिनं आपापल्या दारात लावली होती. बाई तेवढ्या माझ्याकडं बघत होत्या. नजरेत राग नव्हता. गच्चीवर वाळत घातलेली जलपर्णी उलटून बघायच्या, तशा बघत होत्या. समूळ काढून टाकण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. अनुमोदन मी दिलं.

दुसऱ्या दिवशी माळीमामा फावडं घेऊन आले आणि अकरा वाजता परत गेले. कुठल्याही दारासमोर उभे राहिले की आतून बाई यायची आणि म्हणायची, "मामा, एवढं एक राहू द्या. वाणाचं आहे, सवाष्णीनं दिलेलं. असं उपटून टाकू नये." बेचाळीस घरांत तेच. त्यांनी हिशेबाला येऊन मला सांगितलं, "वहिनी, गटारातलं तेवढं काढलं. बाकीचं तुम्हीच मिटवा."

सासूबाई झोपाळ्यावर वाती वळत होत्या. सगळं ऐकत होत्या. मामा गेल्यावर कापूस बाजूला ठेवून म्हणाल्या, "पुढच्या संक्रांतीला चमचे दे. चमचे रुजत नाहीत."